हलक्या वजनाचा धाक : गुगलच्या क्रमवारीने वेब कसे बदलले

१८ नोव्हेंबर २०१४, मंगळवार. या एकाच दिवशी कॅलिफोर्नियातून दोन घोषणा झाल्या. माउंटन व्ह्यू इथल्या गुगलने जाहीर केले की, फोनवर शोध घेणाऱ्याला जी पाने न ताणता, न सरकवता वाचता येतील, त्यांच्यापुढे यापुढे ‘मोबाइल-फ्रेंडली’ अशी पाटी दिसेल. त्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने आणि तिच्या सहकारी संस्थांनी सांगितले की, पुढच्या वर्षी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ नावाची यंत्रणा सुरू होईल आणि मागेल त्या वेबसाइटला सुरक्षेचे सर्टिफिकेट विनामूल्य देईल. एका घोषणेत वाचकाच्या डोळ्यांची काळजी होती, दुसरीत त्याच्या खासगीपणाची. दोघींचा परस्परांशी ठरवून जुळवलेला काही संबंध नव्हता. पण पुढच्या चार-पाच वर्षांत या दोन कामांनी मिळून जगभरच्या वेबसाइटींचे रूप पालटले, आणि दोन्ही कामांना ज्याने गती दिली ती गोष्ट एकच होती : शोधाच्या निकालात आपण कितवे येतो, ही धास्ती.

तांत्रिक सुधारणा चांगली असली की ती आपोआप पसरते, असा आपला एक भाबडा समज असतो. हा इतिहास त्याविरुद्ध साक्ष देतो. सुरक्षित जोडणीचे तंत्र १९९५ पासून उपलब्ध होते. लहान पडद्यावर पान नीट बसवण्याची पद्धत २०१० पासून लिहून ठेवलेली होती. दोन्ही उघडी होती, कोणालाही वापरता येण्यासारखी होती. तरी बहुसंख्य साइटचालकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. ते तिकडे वळले, ते क्रमवारीचा प्रश्न आला तेव्हा.

शब्द आणि दुवे यांचे राज्य

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये गुगलची स्थापना केली, तेव्हा त्यांच्या शोधाचा गाभा ‘पेजरँक’ हा होता. एखाद्या पानाकडे किती पाने बोट दाखवतात आणि ती बोट दाखवणारी पाने स्वतः किती वजनदार आहेत, यावरून त्या पानाची पत ठरवायची, अशी ती रीत. पानातले शब्द आणि पानाकडे येणारे दुवे, हे त्या काळचे मुख्य निकष. ते पान कोणत्या यंत्रावर कसे दिसते आणि सर्व्हरपासून वाचकापर्यंत कोणत्या अवस्थेत पोचते, हे प्रश्न क्रमवारीच्या हिशेबात नव्हते. यंत्र म्हणजे टेबलावरचा संगणक, हे सर्वांनी गृहीतच धरले होते.

सुरक्षेचा प्रश्न मात्र गुगलच्याही आधीचा आहे. नेटस्केप या तेव्हाच्या आघाडीच्या ब्राउझर कंपनीला वेबवर दुकाने उघडायची होती आणि उघड्या जोडणीवरून क्रेडिट कार्डाचा क्रमांक धाडायला कोणी धजणार नव्हते. म्हणून कंपनीने ‘एसएसएल’ हा शिष्टाचार तयार केला. या कामात इजिप्तमध्ये जन्मलेले गणिती ताहिर एलगमाल यांचे नाव अग्रभागी आहे. पहिली आवृत्ती बाहेर आलीच नाही. दुसरी फेब्रुवारी १९९५ मध्ये आली, तिसरी १९९६ मध्ये. १९९९ मध्ये त्यावरून ‘टीएलएस’ हे सर्वमान्य मानक बेतले गेले. पत्त्याच्या सुरुवातीला दिसणारे ‘एचटीटीपीएस’ म्हणजे याच मानकाच्या आवरणातून चालणारी वाहतूक.

हे आवरण तीन कामे करते. मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. वाटेत कोणाला तो बदलता येत नाही. आणि समोरचा सर्व्हर ज्या पत्त्याचा असल्याचे सांगतो त्याच पत्त्याचा आहे, याची खात्री पटते. साध्या ‘एचटीटीपी’मध्ये यांतले काहीच नाही. हॉटेलातल्या वायफायचा राउटर, इंटरनेट पुरवणारी कंपनी, मधले अनेक सर्व्हर, यांपैकी कोणीही ते पान वाचू शकतो आणि त्यात भर घालू शकतो.

एवढे असूनही एचटीटीपीएस, आणि ते असल्याची खूण म्हणून पत्त्याशेजारी दिसणारे कुलपाचे चिन्ह, बँका आणि दुकाने यांच्यापुरतेच राहिले. कारणे व्यवहारी होती. सर्व्हरची ओळख पटवणारे सर्टिफिकेट विकत घ्यावे लागे आणि मुदत संपली की पुन्हा पैसे भरून बदलावे लागे. ते सर्व्हरवर बसवणे किचकट होते. एकाच सर्व्हरवर अनेक साइट असतील, तर सुरक्षित साइटसाठी बहुधा वेगळा आयपी पत्ता घ्यावा लागे. त्यावरचा उपाय निघाला होता, पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला तो कळत नसे आणि एक्सपी तर घरोघरी होते. आमच्या साइटवर फक्त लेख आहेत, त्यात चोरण्यासारखे काय आहे, असे संपादक आणि संस्थाचालक म्हणत. काय वाचले, कधी वाचले, कोणत्या आजाराची माहिती शोधली, हीदेखील माणसाची खासगी मालमत्ता आहे, हा विचार तेव्हा रुजलेला नव्हता.

धक्क्यांची मालिका

तो रुजायला धक्के बसावे लागले. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने ‘फायरशीप’ नावाचा फायरफॉक्सचा एक जोडकार्यक्रम जाहीर केला. खुल्या वायफायवर बसून तो सुरू केला की आजूबाजूला कोण कोण फेसबुक-ट्विटर वापरत आहे त्यांची यादी दिसे आणि नावावर दोनदा क्लिक केले की थेट त्या माणसाच्या खात्यात शिरता येई. त्या काळी अनेक साइटी पासवर्ड घेताना जोडणी सुरक्षित करत आणि पुढच्या पानांवर ती सोडून देत. लॉगिनची ओळख पटवणारी कुकी मग उघड्यावर फिरे. हे दुखणे जाणकारांना वर्षानुवर्षे माहीत होते. बटलरने ते कोणालाही दिसेल असे करून दाखवले.

गुगलने जीमेलसाठी एचटीटीपीएस जानेवारी २०१० पासूनच कायमचे सुरू केले होते. पण २०१३ मध्ये धक्का खुद्द गुगललाच बसला. एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या कागदपत्रांच्या आधारे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने ऑक्टोबरमध्ये छापले की, अमेरिकेची एनएसए आणि ब्रिटनची जीसीएचक्यू या हेरसंस्था गुगल आणि याहू यांच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या खासगी तारांमधूनच माहिती उचलत आहेत. वाचकापासून गुगलच्या दारापर्यंत आवरण होते, दाराच्या आत नव्हते. ती फट नेमकी हेरली गेली होती. गुगलच्या अभियंत्यांमध्ये संतापाची लाट उसळली आणि आतल्या वाहतुकीलाही आवरण घालण्याचे काम नेटाने पुरे करण्यात आले.

७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ जाहीर झाले. सुरक्षित जोडणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त प्रणालीतला तो दोष होता; त्यातून सर्व्हरच्या स्मृतीतली गुपिते बाहेर काढता येत. तो गुगलच्या नील मेहता यांना आणि कोडनोमिकॉन या फिनलंडच्या कंपनीला स्वतंत्रपणे सापडला होता. अर्ध्या जगाची भिस्त ज्या प्रणालीवर होती तिची देखभाल मूठभर माणसे तुटपुंज्या पैशावर करत होती, हे त्या निमित्ताने कळले. दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिलला, मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा पाठिंबा थांबवला. तांत्रिक वाटेतली जुनी धोंड सरकू लागली आणि सुरक्षा हा विषय बातम्यांच्या पहिल्या पानावर आला, ते एकाच आठवड्यात.

अशा वातावरणात जून २०१४ च्या गुगल आय/ओ परिषदेत सगळीकडे एचटीटीपीएस हवे, अशी हाक देण्यात आली. आणि ६ ऑगस्ट २०१४ रोजी झिनेब ऐत बहाजी आणि गॅरी इलिएस या गुगलच्या दोघा कर्मचाऱ्यांच्या सहीने ती सूचना आली जिच्यामुळे एसइओ, म्हणजे शोधाच्या निकालात साइट वर आणण्याचे काम, करणाऱ्या जगभरच्या मंडळींची झोप उडाली : एचटीटीपीएस हा यापुढे क्रमवारीचा एक संकेत असेल.

सूचनेचा मजकूर काळजीपूर्वक वाचण्यासारखा आहे. हा संकेत फार हलका आहे, जगातल्या एक टक्क्याहून कमी शोधांवर त्याचा परिणाम होतो, चांगल्या मजकुरापेक्षा त्याचे वजन कमी आहे, असे गुगलने स्वतःच सांगितले होते. पुढे इलिएस यांनी त्याचे वर्णन दोन पाने बाकी सर्व बाबतींत सारखी असतील तेव्हा निर्णय देणारा घटक, अशा अर्थाने केले. पण त्याच सूचनेत पुढे हे वजन वाढवूही, असा इशारा होता. साइटचालकांनी आजचे वजन वाचले नाही, उद्याचे वाचले. प्रतिस्पर्धी आधी बदलला तर काय, या एका शंकेने वीस वर्षे लांबलेला खर्च मंजूर होऊ लागला.

पडदा लहान झाला

दुसरी हकिकत सुरू होते जून २००७ मध्ये. आयफोन बाजारात आला आणि संपूर्ण वेबसाइट हातातल्या पडद्यावर उघडू लागली. त्याच्या सफारी ब्राउझरने पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरायचे आणि ते साडेतीन इंचांच्या पडद्यात मावेल इतके आकसून दाखवायचे, अशी योजना होती. साइटी मोडत नसत, पण अक्षरे मुंगीएवढी होत. वाचकाने दोन बोटांनी पान ताणायचे, ओळ संपेपर्यंत डावीकडून उजवीकडे सरकवायचे आणि पुन्हा मागे यायचे. पाठोपाठ २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला आणि ही कसरत कोट्यवधी लोकांच्या वाट्याला आली.

साइटचालकांनी काढलेला पहिला तोडगा म्हणजे वेगळी मोबाइल साइट, बहुधा पत्त्याच्या आधी ‘एम’ आणि टिंब लावलेली. तिच्यात मजकूर कमी असे, दुवे तुटलेले असत. एखादा लेख शोधून फोनवर उघडावा तर त्या लेखाऐवजी मोबाइल साइटचे मुखपृष्ठ समोर यायचे, हा अनुभव तेव्हा सार्वत्रिक होता.

२५ मे २०१० रोजी बॉस्टनचे वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-नियतकालिकात ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा लेख लिहिला. साइट एकच ठेवा, पत्ता एकच ठेवा, मांडणी मात्र पडद्यानुसार बदलू द्या, हे त्याचे सार. त्यासाठी त्यांनी तीन साधने एकत्र आणली : टक्क्यांमध्ये मोजलेली लवचीक चौकट, चौकटीबरोबर लहानमोठी होणारी चित्रे, आणि पडदा किती रुंद आहे हे विचारून त्याप्रमाणे नियम लावणाऱ्या ‘मीडिया क्वेरी’. यांतले एकही साधन नवे नव्हते. त्यांची सांगड नवी होती. त्याच सुमारास ल्यूक व्रोब्लेव्स्की हे आराखडाच मुळी आधी फोनचा करा, असे सांगत होते. लहान पडद्यावर जागा नसते, त्यामुळे काय महत्त्वाचे आहे हे ठरवावेच लागते, हा त्यांचा युक्तिवाद आजही तितकाच खरा आहे.

गुगलने जून २०१२ मध्ये रिस्पॉन्सिव्ह पद्धतीची शिफारस केली. वर्षभराने, चुकीच्या पानावर नेणाऱ्या आणि फोनवर उघडल्यास चूक दाखवणाऱ्या साइटींना फोनवरच्या निकालात खाली ढकलू, असे सांगितले. मग नोव्हेंबर २०१४ ची ती पाटी आली. ती मिळवण्याच्या अटी चार होत्या : फ्लॅशसारखे फोनवर न चालणारे तंत्र नको, अक्षरे न ताणता वाचता यावीत, पान आडवे सरकवावे लागू नये, आणि दुवे इतके सुटे असावेत की बोट शेजारच्या दुव्यावर पडू नये. कोणाही शहाण्या छापखानेवाल्याला पटतील अशा या अटी आहेत.

२६ फेब्रुवारी २०१५ रोजी गुगलने तारीखच जाहीर केली. २१ एप्रिलपासून मोबाइल-योग्यता हा फोनवरच्या शोधात क्रमवारीचा संकेत होणार होता. जगभर, सर्व भाषांत. गुगल आपल्या क्रमवारीतले बदल सहसा आधी सांगत नाही. इथे जवळजवळ दोन महिन्यांची मुदत दिली, तपासणीचे साधन दिले, पान नापास का झाले याची कारणे दाखवली. ऐत बहाजी यांनी मार्चमध्ये म्युनिकच्या परिषदेत सांगितले की, याचा परिणाम आधीच्या ‘पांडा’ आणि ‘पेंग्विन’ या बदलांपेक्षा जास्त साइटींवर होईल. पांडाने २०११ मध्ये आणि पेंग्विनने २०१२ मध्ये कित्येक धंदे बसवले होते, त्यामुळे त्या वाक्याने घबराट पसरली. व्यवसायातल्या पत्रांनी २१ एप्रिलला ‘मोबाइलगेडन’ असे नाव देऊन टाकले.

प्रत्यक्षात तो दिवस बराचसा शांत गेला. बदल टप्प्याटप्प्याने लागू होत होता, पूर्ण साइटला नव्हे तर एकेका पानाला लागू होता, आणि शोधणाऱ्याला नेमके जे हवे ते पान फोनवर गैरसोयीचे असले तरी वरच राहू शकत होते. पण ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता ते आधीच घडून गेले होते. त्या दोन महिन्यांत मोबाइल-योग्य साइटींचे प्रमाण ४.७ टक्के बिंदूंनी वाढले, असे गुगलने त्याच दिवशी सांगितले. मे महिन्यात कंपनीने जाहीर केले की, अमेरिका आणि जपान यांसह दहा देशांत संगणकापेक्षा फोनवरून होणारे शोध जास्त झाले आहेत. आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ‘मोबाइल-फ्रेंडली’ ही पाटीच काढून टाकण्यात आली, कारण मोबाइल निकालांतली ८५ टक्के पाने तोवर त्या अटी पाळत होती. वेगळी पाटी लावण्याची गरज पावणेदोन वर्षांत संपली.

फुकट सर्टिफिकेट आणि ब्राउझरची तंबी

क्रमवारीचा धाक असला तरी गरीब साइटचालकाने सर्टिफिकेटचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न उरत होता. त्याचे उत्तर लेट्स एन्क्रिप्टने दिले. मोझिलाचे जॉश आस आणि एरिक रेस्कोर्ला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे पीटर एकर्सली आणि मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक जे. अ‍ॅलेक्स हाल्डरमन या चौघांनी या कामाचा पाया घातला. नफा न कमावणारी संस्था, विनामूल्य सर्टिफिकेट, नव्वद दिवसांची मुदत आणि नूतनीकरण आपोआप, असा त्यांचा बेत होता. मुदत मुद्दाम कमी ठेवली, म्हणजे नूतनीकरण माणसाच्या आठवणीवर न सोडता यंत्राकडेच द्यावे लागेल. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिले सर्टिफिकेट निघाले, ३ डिसेंबरपासून ते सर्वांना खुले झाले. २७ फेब्रुवारी २०२० रोजी एक अब्जावे सर्टिफिकेट दिले गेले. त्या वेळी संस्था सुमारे १९ कोटी २० लाख साइटींना सेवा देत होती आणि तिचे पूर्णवेळ कर्मचारी होते तेरा! वार्षिक खर्च होता साडेतेहतीस लाख डॉलर. वेबच्या इतिहासात इतक्या कमी माणसांनी इतक्या लोकांचे इतके भले केल्याची उदाहरणे फार नाहीत.

याच काळात विकिपीडियाने जून २०१५ मध्ये सर्व भाषांतली आपली सर्व वाहतूक एचटीटीपीएसवर नेण्याचे जाहीर केले. मराठी विकिपीडिया त्यातच आला. कोणता लेख कोणी वाचला हे वाटेतल्या कोणालाही दिसू नये, ही त्यामागची भूमिका. ती किती रास्त होती याचा पुरावा त्याच महिन्यात भारतात मिळाला. बंगळूरच्या एका प्रोग्रामरला दिसले की, आपल्या साध्या एचटीटीपी साइटचे पान एका मोठ्या दूरसंचार कंपनीच्या थ्रीजी जोडणीवरून उघडले की त्यात आपण कधीच न लिहिलेला कोड घुसलेला असतो. त्याने तो कोड सर्वांसमोर मांडला, तेव्हा त्यालाच कायदेशीर नोटीस आली. मजकूर नुसता वाचला जातो असे नाही, तो वाटेत बदलला जातो, हे आता तर्काने पटवून द्यायची गरज उरली नाही. आणि साइटवर चोरण्यासारखे काही नाही, हा जुना युक्तिवादही तिथेच संपला. प्रश्न चोरीचा नव्हता, आपण लिहिलेले वाचकापर्यंत जसेच्या तसे पोचण्याचा होता.

यानंतर दट्ट्या दिला तो गुगलच्याच क्रोम ब्राउझरने. जानेवारी २०१७ पासून पासवर्ड किंवा कार्डाचा क्रमांक मागणाऱ्या साध्या एचटीटीपी पानांवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा पत्त्याच्या पट्टीत दिसू लागला. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो काहीही टाइप करायला लावणाऱ्या सर्व पानांपर्यंत वाढवला. २४ जुलै २०१८ रोजी क्रोमची ६८ वी आवृत्ती आली आणि एचटीटीपीवर चालणारे प्रत्येक पान असुरक्षित ठरले. क्रमवारीतला फरक साइटचालकाला जाणवे किंवा न जाणवे. हा शेरा मात्र त्याच्या वाचकाला, ग्राहकाला, देणगीदाराला रोज दिसत होता. लेट्स एन्क्रिप्टने दिलेल्या आकड्यांनुसार, जून २०१७ मध्ये जगात उघडल्या जाणाऱ्या पानांपैकी सुमारे ५८ टक्के एचटीटीपीएसवरून येत. फेब्रुवारी २०२० मध्ये हे प्रमाण ८१ टक्क्यांवर गेले होते.

मोजपट्टीच बदलली

मोबाइलच्या बाजूने एक विसंगती अजून बाकी होती. शोध घेणारे बहुसंख्य लोक फोनवर होते, पण गुगलचा क्रॉलर, म्हणजे सूचीसाठी पाने वाचत फिरणारा कार्यक्रम, पाने वाचायचा ती संगणकावरची. परीक्षकाने एका विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासावी आणि गुण दुसऱ्याला द्यावेत, तसा हा प्रकार होता. संगणकावर भरगच्च असलेल्या पानाला वरचा क्रमांक मिळे आणि फोनवर त्याची कापलेली, अर्धवट आवृत्ती समोर येई. ४ नोव्हेंबर २०१६ रोजी गुगलने जाहीर केले की, यापुढे पानाची नोंद त्याच्या मोबाइल आवृत्तीवरून घेण्याचे प्रयोग सुरू झाले आहेत. मार्च २०१८ पासून साइटी टप्प्याटप्प्याने नव्या पद्धतीत जाऊ लागल्या. १ जुलै २०१९ पासून नव्या साइटींना हीच पद्धत लागू झाली. उरलेल्यांसाठी दिलेल्या मुदती पुढे ढकलाव्या लागल्या आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस स्थलांतर पूर्ण झाल्याचे सांगण्यात आले. ५ जुलै २०२४ नंतर तर जी साइट फोनवर उघडतच नाही तिची गुगलच्या सूचीत नोंदच होणार नाही, इथवर गोष्ट आली.

भारतापुरते बोलायचे तर हा बदल अगदी वेळेवर झाला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले आणि लाखो घरांत इंटरनेट पहिल्यांदा आले ते फोनवरूनच. या वाचकांनी वेबसाइटचे संगणकावरचे रूप कधी पाहिलेलेच नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यात पीकविम्याची किंवा परीक्षेच्या निकालाची माहिती शोधणारा माणूस स्वस्त फोनवर, कमकुवत सिग्नलवर शोधतो. त्याच्यासाठी आडवे सरकणारे पान म्हणजे न मिळालेली माहिती.

त्या पुढची पावले वेगाच्या आणि स्वस्थतेच्या दिशेने पडली. जानेवारी २०१७ मध्ये फोनचा पडदा व्यापून मजकूर झाकणाऱ्या जाहिरातींना क्रमवारीत फटका बसू लागला. जुलै २०१८ पासून फोनवर पान किती लवकर उघडते हेही मोजले जाऊ लागले. मे २०२० मध्ये ‘कोअर वेब व्हायटल्स’ ही तीन मापे जाहीर झाली : मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, पहिल्या स्पर्शाला पानाने शंभर मिलिसेकंदांत दाद द्यावी, आणि वाचता वाचता मजकूर अचानक खालीवर उडू नये. जून ते ऑगस्ट २०२१ मध्ये ही मापे, मोबाइल-योग्यता आणि एचटीटीपीएस असा सगळा संच ‘पेज एक्स्पीरिअन्स’ या नावाखाली क्रमवारीत आणला गेला. मार्च २०२४ मध्ये स्पर्शाचे जुने माप बदलून, पानावरच्या सर्वच स्पर्शांना किती लवकर प्रतिसाद मिळतो हे मोजणारे नवे माप आले.

हिशेब

या दहा वर्षांचा ताळेबंद मांडताना दोन्ही बाजू लिहिल्या पाहिजेत.

जमेच्या बाजूला वाचकाचा निखळ फायदा आहे. आज आपण उघडतो त्या बहुतेक पानांवर वाटेत कोणाची नजर पडत नाही आणि बहुतेक पाने हातातल्या फोनवर वाचता येतात. याचे श्रेय एकट्या गुगलचे नाही. तंत्र एलगमाल आणि मार्कॉट यांच्यासारख्यांनी दिले, पैशाचा अडसर लेट्स एन्क्रिप्टने दूर केला, आणि गुगलने तारीख ठरवून दिली. यांतले एक जरी नसते तरी बाकीच्यांचे काम अपुरे राहिले असते.

दुसरी बाजू सत्तेची आहे. एका खासगी कंपनीने ठरवले आणि जगभरच्या साइटी त्याप्रमाणे बदलल्या. या वेळी दिशा योग्य होती. पण त्याच सत्तेने ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘एएमपी’ हा पाने लिहिण्याचा स्वतःचा साचा पुढे केला आणि मोबाइलवरच्या ठळक बातम्यांच्या पट्टीत जागा हवी तर तोच वापरा, अशी अट वर्षानुवर्षे ठेवली. वृत्तपत्रांनी आपली पाने दुहेरी लिहिली, आणि २०२१ मध्ये ती अट काढून घेतली गेली. कोणाचेच मत न घेता लादलेला नियम चांगला निघेलच याची हमी नसते. ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेचे न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाजारात गुगलने बेकायदा मक्तेदारी टिकवल्याचा निर्णय दिला, तेव्हा या सत्तेचे मोजमाप न्यायालयाच्या नोंदीत गेले : अमेरिकेत २०२० मध्ये जवळजवळ नव्वद टक्के शोध आणि फोनवरचे सुमारे पंचाण्णव टक्के शोध एकाच कंपनीकडे.

कुलपाच्या चिन्हाबद्दलही एक सावधगिरी हवी. जोडणी सुरक्षित असणे आणि समोरचा माणूस प्रामाणिक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. फसवणारी साइटही आता सर्टिफिकेट घेते. गुगलने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला. म्हणूनच सप्टेंबर २०२३ च्या क्रोमच्या आवृत्तीत ते चिन्ह काढून टाकले गेले. सुरक्षित जोडणी ही आता मिरवण्याची गोष्ट राहिली नाही. ती असायलाच हवी.

तेव्हा क्रमवारीत या दोन गोष्टींचे वजन किती, याचे उत्तर इतिहास स्पष्ट देतो. फुटकळ मजकुराला एचटीटीपीएस आणि सुबक मोबाइल मांडणी वर नेत नाही. पण चांगल्या मजकुराला त्यांच्या अभावी वाचक गमवावा लागतो, आणि फोनवर उघडतच नसेल तर जागाही. मराठीत साइट चालवणाऱ्या ग्रंथालयांना, साहित्यसंस्थांना, नियतकालिकांना, पतपेढ्यांना आणि ग्रामपंचायतींना म्हणून एवढेच सांगावेसे वाटते : सर्टिफिकेट आज फुकट मिळते, रिस्पॉन्सिव्ह मांडणीचे साचेही फुकट मिळतात. आपली साइट एकदा साध्या, स्वस्त फोनवर, मोबाइल डेटावर स्वतः उघडून पाहा. अक्षरे वाचता येत नसतील, पान आडवे पळत असेल, पत्त्यापुढे ‘सुरक्षित नाही’ असे दिसत असेल, तर ते काम या महिन्यातच हाती घ्या. गुगलच्या धाकाने नव्हे, आपल्या वाचकासाठी.